नको असलेली गाडी, फुकट उचलून नेऊ

आमच्या शाळेमागं बाभळीखाली जुन्या गाड्यांची रांग हाय. त्यातली एक बी एकटी आलेली न्हाय, परतेकीबरोबर एक किस्सा आलाय. गाड्या भंगारात जात्यात, किस्से हितंच पडून राहत्यात. आता ठेवायला जागा न्हाय, म्हणून सांगतो.

शाळा म्हंजे माझी न्हाय. मी बारावीत शाळा सोडली. खरं सांगायचं तर शाळेनंच मला सोडलं! ही ऐकू न येणाऱ्या पोरांची शाळा, भवानीनगरच्या अलीकडं. चालवत्यात आबा, रिटायर हेडमास्तर. त्यांनी गावोगाव कागद चिकटवलेत, ‘नको असलेली गाडी शाळेला दान द्या. घरनं फुकट उचलून नेऊ.’ बंद गाडी आली तर भंगारात, शाळेच्या खर्चाला. चालणारी आली तर पोरांना न्यायला-आणायला.

चालणारीच पायजे व्हती. शाळेच्या व्हॅनचं इंजिन बसलेलं, अकरा पोरं पायी. दिवाळी झाली की कारखाना चालू व्हणार, रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या. ट्रॅक्टरवाला हॉर्न मारतो. पण आमच्या पोरांना हॉर्न ऐकू कुठं येतोय?

आबा रोज कॅलेंडरकडं बघायचे आन मला म्हणायचे, "विक्या, एक तरी चालणारी आण रं!"

*

मी हितं कसा आलो, तो पयला किस्सा.

आमच्या शेळगावात तात्या हायेत. त्यांची जीप माझ्यापेक्षा थोरली. पूर्वी इंदापूरच्या बाजाराला माणसं भरून न्यायचे. आता ती घरात कुणालाच नको, एकट्या तात्याला सोडून. रोज सकाळी चहाचा कप घिऊन स्टेरिंगवर बसायचे, जायचं कुठंच नसायचं! आमचा क्रिकेटचा बॉल जीपच्या काचेवर बसला आन तात्यानं बॉल जप्त केला. मग मी कागदावरच्या नंबरला फोन लावला, घोगऱ्या आवाजात.

"मी शेळगावचा तात्या बोलतोय. माझी जीप घिऊन जावा. मन बदलायच्या आत या!"

दुसऱ्या दिवशी सलीमचाचा पिकअप घिऊन हजर. ह्यो चाचा म्हंजे आबांचा डायव्हर, कामाला एकदम सरळ माणूस. आला, सलाम केला आन थेट जीपला टोचन लावायला लागला. टोचन म्हंजे मागची गाडी वढायचा लोखंडी दांडा.

तात्या आतच! हातात कप! कप टाकून त्यांनी स्टेरिंगला मिठीच मारली.

"न्यायची आसंल तर माझ्यासकट न्या! पर मी उतरणार न्हाय!"

आख्खी आळी हसली. सगळ्यात जास्त मी हसलो, आन तितंच घावलो. आबांनी मला पोलिसात दिलं न्हाय. म्हणाले, "लोकांच्या गाड्या दान करायची लई हौस हाय न्हवं? उद्यापासनं चाचाबरोबर जा."

*

वडगाव निंबाळकरला एका म्हातारीनं व्हॅन दिली. पोरगं पुण्याला, व्हॅन गोठ्यामागं उभी. आमी दार उघडलं तर मागच्या सीटवरनं कोंबडी फिस्स करून अंगावर आली.

म्हातारी म्हणाली, "खुडूक बसलीय बाबा. अंडी हालवायची न्हाईत. एकवीस दिसांनी या."

चाचा म्हणाला, "आजी, गाडी तुमी दान दिलीय."

"मग? दान दिलं म्हून काय हिला रस्त्यावर काढू?"

एकवीस दिवसांनी गेलो. सीटवर पिल्लं व्हती नऊ. म्हातारीनं चहा पाजला, पिल्लं दाखवली, मग म्हणाली, "आता फुडच्या सीटवर दुसरी बसलीय!"

आमी हात हालवत माघारी. आबांनी वहीत लिहिलं, ‘वडगावची व्हॅन. बाळंतपण चालू.’

*

बारामतीत एकानं कार दिली. गाडी सुंदर, पण चाकं न्हाईत! खाली चार बाजूला विटांचे ढीग. चाचानं विचारलं, "साहेब, टायर?"

"ते मेव्हण्याला दिले."

"बॅटरी?"

"ती ट्रॅक्टरला बसवली."

"मग आमी नेतोय काय?"

"भावना बघा की जरा!"

चार माणसं लावून ती भावना पिकअपवर चढवली. आमी कऱ्हेचा पूल वलांडला तर मागनं मोटरसायकलवर साहेब, हात करत, ओरडत. मला वाटलं, माणसाला लाज वाटली, टायर घिऊन आला!

जवळ आला, श्वास घेतला आन म्हणाला, "एक वीट तुमच्याकडं आलीय."

खरंच आली व्हती. पिकअपच्या मागच्या फाळक्याला आडकून बसलेली.

*

भवानीनगरजवळ दोन भाऊ. वाटण्या झालेल्या, विहिरीचं पाणी सुदीक वार लावून वाटलेलं. वडलांची कार तेवढी सामायिक राह्यली. थोरल्यानं फोन केला, "माझा हिस्सा शाळेला देतो." आमी गेलो तर धाकटा आडवा.

"त्याची अर्धी न्या. माझ्या अर्ध्याला हात लावायचा न्हाय!"

आबा सोबत व्हते. हेडमास्तर माणूस, त्यांनी शांतपणानं विचारलं, "अर्धी म्हंजे कंची?"

थोरला म्हणाला, "फुडची माझी. मी थोरला हाय."

म्हटलं, आता आपलीच येळ! मी धाकट्याला म्हणालो, "दादा, काय टेन्शन न्हाय. फुडची अर्धी आमी कापून नेतो, मागची तुमची तुमाला. चाचा, गॅस कटर काढा!"

चाचा बी काय कमी! पिकअपमधनं पोत्यात गुंडाळलेलं कायतरी काढलं, मोठ्या जपणुकीनं. मी खडूनं दोन दारांच्या मधी सरळ रेघ मारली.

धाकटा त्या रेघंकडं बघत राह्यला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "कापू नका वो. आण्णांची गाडी हाय. न्या, समदीच न्या."

पोत्यात चौदाचा पाना व्हता! फकस्त कारच्या इंजिनात उंदरांनी घर केलेलं. ती बी बाभळीखाली गेली. आबांनी कॅलेंडर बघितलं. दिवाळी झाली व्हती.

*

त्याच आठवड्यात मी आन चाचा शाळेकडं येत व्हतो. फुडं तात्यांची जीप, एरवी दारातनं न हालणारी, त्या दिवशी सुनेला कारखान्यावर सोडून आलेली. जीपच्या फुडं आमच्या शाळेतली सना, नऊ वर्सांची, रस्त्याच्या मधनं निवांत चाललेली. तात्यानं हॉर्न मारला. परत मारला. मग हात काढलाच न्हाय. त्या जीपचा हॉर्न म्हंजे शेळगावात मारला तर इंदापूरची कुत्री उठत्यात! पोरगी हालंना.

तात्या खाली उतरले, तिच्या म्होरं गेले आन वरडले, "बहिरी हायस का गं?"

सनानं वर बघितलं. तिला वाटलं, आजोबा कायतरी इचारत्यात. तिनं हसून कपाळाला हात लावून सलाम केला आन बाजूला होऊन जीपच्या बॉनेटवर तळहात ठेवला. इंजिनाची थरथर तिला आवडती.

मी पिकअपमधनं तोंड काढलं. चेष्टा करायची व्हती, पण सुचलीच न्हाय. "व्हय तात्या," मी म्हणालो, "तसंच हाय."

तात्या तिथंच उभे राह्यले, तिचा हात निघंस्तवर.

*

दोन दिवसांनी शाळेत फोन वाजला. आबांनी घेतला.

"मी शेळगावचा तात्या बोलतोय. माझी जीप घिऊन जावा."

आबांनी फोन आपटला. परत वाजला, परत आपटला. तिसऱ्यांदा तर आबा फोनमधी वरडले, "लाज वाटत न्हाय का रं, म्हाताऱ्या माणसाचा आवाज काढतोस!" मग माझ्याकडं वळले. "विक्या, कुणाला बसवलंस फोनवर?"

"आबा, आईशपथ, मी न्हाय!"

जन्मात पयल्यांदा खरं बोललो, तर चाचा बी हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकात हॉर्न. आमी बाहेर पळालो. जीप धुतलेली, मागच्या दोन्ही बाकांना नवं रेक्झिन, आन तात्या पांढऱ्या टोपीत.

"फुकट उचलून नेऊ म्हणता," तात्या तितनंच कडाडले, "आन मलाच आणून द्यावी लागली व्हय! वर शिव्या बी खाल्ल्या!"

आबांनी कागद आणले. तात्यानं स्टेरिंगवरच कागद ठिऊन सह्या केल्या. पोरं मागं चढली, एकट्या सनाला सोडून. सनानं बॉनेटवर हात ठेवला. तात्यानं हॉर्न मारला. सना खदाखदा हसली. तात्यानं परत मारला.

लांब कुठंतरी उसाच्या ट्रॅक्टरचा आवाज येत व्हता.

आबांनी डोळं पुसलं, हात फुडं केला. "तात्या, चावी द्या आन उतरा आता. सलीम चालवंल."

तात्यानं दोन्ही हातांनी स्टेरिंगला मिठी मारली.

"पयल्याच दिवशी काय सांगितलं व्हतं?"