शनिवारची वाफ

कोळवणच्या फार्महाउसवर घोडी सांभाळणारा माणूस घोडीला 'बाई' म्हणतो आणि मलाही. मी जनावरांची डॉक्टर. घोडीला दमा आहे. नेब्युलायझरचा मास्क बांधताना तो पुटपुटतो, "उगी बाई, थोडंच हाय." माझ्याशी एवढं गोड बोलत नाही.

तिला पळवू नका, हे पुण्याहून येणाऱ्या मालकांना सांगून मी थकले आहे. या शनिवारीही ते रपेटीचे बूट चढवून उभे होते.

"औषध चालू हाय, मालक. मधीच काढता येत न्हाई," हा म्हणाला.

मशीन घरघरत होतं. मी वाकून पाहिलं, तर औषधाची वाटी कोरडी. तो माझ्याकडे न बघता घोडीची मान चोळत राहिला.

"अजून किती वेळ, डॉक्टर?" मालकांनी विचारलं.

मी म्हटलं, "अंधार पडेपर्यंत."