मॅडमनी न खोडलेलं उत्तर

आमच्या कंपनीत लाइनवर मोबाइल नेता येत नाही, म्हणून मॅडम गेल्याची बातमी दुपारपर्यंत माझ्या लॉकरमध्येच पडून होती. मी चाकणला गाड्यांच्या वायरी जुळवण्याचं काम करते. पहिली शिफ्ट सुटली, फोन उघडला, तर मॅडमच्या बहिणीचे कितीतरी मिस्ड कॉल... मॅडमच्या छातीत कफ भरला होता, त्यांना दवाखान्यात न्यायचं ठरलंच होतं. बसमध्ये काळेवाडी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, आज मॅडमना तूप द्यायचं राहिलं.

त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्यानं राहते. गाव हिंगोलीकडचं, शाळा आठवीत सुटलेली. खाली राहणाऱ्या बाई ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या हे कळल्यावर मी सुरुवातीला जिन्यावरून चपला हातात घेऊन उतरायचे. एकदा त्यांनी पकडलंच. "शाळा तू सोडलीस, की शाळेनं तुला?" मी घाबरत म्हटलं, दोघींचं एकमत झालं. त्यावर त्या इतक्या हसल्या, की मला आत बोलावून चहा देईपर्यंत हसतच होत्या. इथं माझं कुणी आहे असं मला पहिल्यांदा त्या दिवशी वाटलं.

तेव्हाही त्या काठी घेऊनच चालायच्या. आजारामुळे नोकरी मुदतीआधीच सोडलेली. काय झालंय, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, कंपनीतला टाकाऊ वायरचा तुकडा घेऊन ये. सुपरवायझरला विचारून नेला. त्यावरच्या प्लास्टिकवर नख फिरवत त्यांनी सांगितलं, की आपल्या नसांवरही असंच वेष्टण असतं, फक्त ते बरंचसं चरबीचं असतं, आणि माझ्या शरीराची फौज माझ्याच वेष्टणावर उठलीय. मला लगेच कळलं. वेष्टणाला चीर गेलेली वायर आम्ही बाजूला टाकतो. हे मात्र मी बोलले नाही. पुढे तर त्यांनी सगळंच सांगितलं. चरबी म्हणजे नुसती पोटावरची वळी नव्हे. अडीअडचणीला जाळायचं इंधन ती, कातडीतला ओलावा राखणारी ती, बाईला पाळी येते त्यातली रसायनंसुद्धा तिच्याच कुळातली. शरीरातल्या एकेका पेशीचं कुंपणही तिचंच. त्या कुंपणात चरबीच्या कणांच्या दोन रांगा तोंडाला तोंड लावून असतात, ते दाखवताना दोन्ही हातांची बोटं समोरासमोर आणायच्या. मुठी बाहेर, पाण्याकडे. बोटं आत, पाण्यापासून तोंड लपवून. नंतर नंतर हात इतके कापायचे, की बोटं समोरासमोर यायचीच नाहीत. मग मी माझी धरायचे आणि त्या नुसत्या मानेनं बरोबर-चूक सांगायच्या.

मी काय केलं, तर आईला फोन करून सांगितलं, मॅडमच्या नसांवरची चरबी झिजलीय, घरच्या म्हशीचं तूप पाठव. आईनं गावाकडच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे बरणी दिली, आणि मग दर महिन्याला देतच राहिली. मी रोज कामावर जाण्याआधी गरम भातावर चमचाभर तूप घालून त्यांना द्यायचे. त्यांनी पहिल्या दिवशी माझ्याकडे जरा वेळ बघितलं, काहीतरी बोलणार असं वाटलं... आणि भात खाल्ला. कधी म्हणायच्या, "तुझं तूप नसांपर्यंत पोचत नाही गं, कमरेवरच मुक्काम करतंय." मी ती थट्टाच समजले. फरक पडतोय का, असं मी सारखं विचारायचे. तर म्हणायच्या, आज बघ, पेला धरला की नाही मी?

दहाव्यानंतर त्यांची एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. आता तीही शिकवते. मीच कौतुकानं तिला तुपाचं सांगितलं. ती अगदी जपून म्हणाली, की पोटात गेलेल्या तुपाचे आधी तुकडे होतात, शरीर त्यातलं हवं ते हवं तिथं वापरतं. नसांना तूप कमी पडतं म्हणून हा आजार होत नाही. "मॅडमनीच शिकवलंय आम्हाला. हे उत्तर आम्ही कुणी दिलं असतं ना, तर तास संपेपर्यंत उभं केलं असतं."

तूप वाया गेलं याचं मला काही वाटलं नाही. पण मला उभं नाही केलं, हे लागलं. मला वाटायचं, मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. सगळ्यांच्या चुका खोडणाऱ्या बाईंनी माझीच तेवढी सोडून दिली. अडाणी म्हणून सोडली का? की दिवसभर उभी राहून आलेल्या बाईला आणखी काय उभं करायचं, म्हणून? आता कुणाला विचारू...

परवा मॅडमच्या स्वयंपाकघरात भांडी आवरत होते. त्यांच्या बहिणीनं किल्ली माझ्याकडेच ठेवलीय. तेवढ्यात आईचा फोन आला. तिकडून दबक्या आवाजात म्हणाली, "बाई गेल्या, काय करावं. पण माझ्या तुपानं तेवढं बरं वाटत व्हतं ना गं त्यास्नी?" माझ्या तोंडात सगळं तयार होतं. तुकडे, पेशी, वेष्टण, सगळं मला सांगता आलं असतं.

"व्हय माय," मी म्हटलं, "लई बरं वाटत व्हतं."

आईला वाचता येत नाही, म्हणून इथं लिहिलं.