स्क्रीनची डावी बाजू

“आक्का, ह्या स्क्रीनची डावी बाजू काम करंना.”

स्क्रीन नेऊन दहाच दिवस झाले होते. फोनवर काकतीचे परशराम अण्णा होते. मी विचारलं, “काळी पडलीया का? रेघा येतायत?”

“काळी न्हाय, रेघा बी न्हाईत. पर दिसत न्हाय.”

असं उत्तर मला आजवर कुणी दिलं नव्हतं. बेळगावात खासबागेत माझं कॉम्प्युटर विक्रीचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. स्क्रीन बिघडते तेव्हा ती काळी पडते, लुकलुकते, तिच्यावर उभ्या रेघा येतात, नाहीतर एखादा ठिपका कायमचा मरतो. त्याला आम्ही डेड पिक्सेल म्हणतो. स्क्रीन धडधाकट आहे आणि तरी दिसत नाही, हा बिघाड माझ्या यादीत नव्हता. “उद्या सकाळी येते,” म्हटलं.

ही स्क्रीन मी उगीच गळ्यात मारली नव्हती. अण्णा आणि त्यांची मुलगी सविता दोनदा दुकानात येऊन गेले होते. सविता बंगळूरच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर टेस्टिंग काकतीतल्या घरातून करते. एका बाजूला प्रोग्राम, दुसऱ्या बाजूला चुकांची यादी, असं तिला दोन्ही शेजारी शेजारी लागतं. लॅपटॉपवर ती दिवसभर खिडक्या मागेपुढे करून वैतागली होती.

“आणि आप्पांना गेम खेळायचाय,” ती म्हणाली.

मी अण्णांकडे बघितलं. साठीचा माणूस, पांढरा शर्ट, इस्त्री केलेला.

“कसला गेम, अण्णा?”

“बसचा.”

मग सगळं कळलं. अण्णांनी उभा जन्म बेळगाव-निपाणी बस चालवली. काकती, हत्तरगी, संकेश्वर, तवंदी घाट, निपाणी, आणि परत. रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. सविताचा नवरा गोव्यात कामाला असतो. सुट्टीत आला तेव्हा त्यानं सासऱ्याला लॅपटॉपवर बस चालवायचा गेम लावून दिला, स्टिअरिंग आणि पेडलचा सेटही आणून ठेवला. तेव्हापासून सविताची शिफ्ट सुरू होईपर्यंत सकाळी अण्णा गाडी काढायचे. पण गाडी सारखी डावीकडं घासायची. कधी कठड्याला, कधी उभ्या रिक्षाला.

“लॅपटॉपची काच बारकी हाय,” अण्णा म्हणाले. “बाजूचं दिसतच न्हाय. माझ्या गाडीची काच केवढी हुती! ह्या खांबापास्नं त्या खांबापर्यंत.”

त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवले आणि ते तसेच क्षणभर हवेत ठेवले.

मी चौतीस इंची अल्ट्रावाइड कर्व्हड स्क्रीन सुचवली. अल्ट्रावाइड म्हणजे नेहमीच्या स्क्रीनपेक्षा रुंदीला जास्त. नेहमीची सोळाला नऊ असते, ही एकवीसला नऊ. कर्व्हड म्हणजे दोन्ही बाजूंनी आत वळलेली. खोक्यावर 1500R लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, दीड मीटर त्रिज्येचं मोठं वर्तुळ काढलं तर त्याचा एवढा तुकडा. आकडा लहान तेवढा बाक जास्त. सपाट रुंद स्क्रीनच्या कडा डोळ्यापासून लांब जातात, वळलेल्या स्क्रीनच्या जवळ राहतात. सविताला दोन खिडक्या मावत होत्या, अक्षरं स्वच्छ होती. अण्णांना दोन्ही आरसे एकदम दिसणार होते. दोघांचं काम एका स्क्रीनमध्ये झालं म्हणून मी खूश होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकतीला गेले. पुढच्या खोलीत टेबलावर स्क्रीन, समोर स्टिअरिंग, खाली पेडल. आधी केबल बदलून बघितली. मग पूर्ण स्क्रीन लाल, हिरवी, निळी, पांढरी करून बघितली. अशा एकरंगी पडद्यावर मेलेला ठिपका लगेच उठून दिसतो. एकही नव्हता. डावी बाजू उजवीइतकीच लख्ख होती.

“अण्णा, एकदा गाडी काढून दाखवा.”

अण्णा बसले. खुर्ची मागेपुढे केली, आरसे नीट केले, मग गाडी गिअरमध्ये टाकली. त्या माणसाचे हात मी बघत राहिले. स्टिअरिंग प्लास्टिकचं, पण त्यांनी ते असं धरलं की जणू मागं पन्नास माणसं बसली आहेत.

“ह्यात माणसं चढत्यात, उतरत्यात,” ते म्हणाले, “पर बोलत न्हाईत. माझ्या गाडीत आतल्या आरशात बगितलं की समदं दिसायचं. कोन झोपलंय, कोन भांडतंय. संकेश्वरला मिरचीवाल्या बाया चढल्या की अख्खी गाडी शिंकायची.”

हे बोलता बोलता डावीकडं एक हातगाडी आली. मला स्पष्ट दिसली. सविता मागून ओरडली, “आप्पा, हातगाडी!” बस हातगाडीला घासून गेली.

“बग!” अण्णा चिडले. “आलीच न्हाय दिसायला. आक्का, ही बी बारकी पडती. त्या दिवशी दुकानात भिंतीला एक लावलेली व्हती, एकोणपन्नास इंची. ती दे मला.”

ती मागवायला मला काहीच अडचण नव्हती. उलट एवढी मोठी स्क्रीन आमच्याकडं वर्षातून एखादीच जाते. मी म्हटलं, त्याआधी खुर्चीचं अंतर बघू. कर्व्हड स्क्रीनपुढं फार जवळ बसलं तर मान न हलवता दोन्ही कडा दिसत नाहीत. गेम बंद केला. स्क्रीनच्या मध्यावर एक टिंब काढलं.

“ह्या टिंबाकडंच बघायचं. मान हलवायची न्हाय, डोळे बी न्हाईत. मी माउसचा बाण कडेनं आत आणते. दिसला की सांगा.”

उजवीकडून बाण आणला. थोडा आत आल्यावर अण्णा म्हणाले, “दिसला.” मग डावीकडून. बाण हळूहळू आत येत होता. एक वीत. दीड वीत. अण्णा गप्प. मला वाटलं त्यांना समजलं नसेल. बाण टिंबाच्या अगदी जवळ आल्यावर ते म्हणाले, “हां, आला.”

मी सविताला त्याच खुर्चीत बसवलं. तिला बाण कडेलाच दिसला. मी बसले, मलाही दिसला. पुन्हा अण्णांना बसवलं. पुन्हा तेच.

मला एकदम आई आठवली.

माझी आई निपाणीत विड्या वळायची. शेवटी शेवटी तिच्या सुपात डावीकडची पानं तशीच राहायची. आम्ही म्हणायचो, आई, ही पानं कोण वळणार? ती सूप फिरवायची आणि हसायची. दाराच्या चौकटीला खांदा धडकायचा, तर आम्ही म्हणायचो वय झालं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला तेव्हा फार उशीर झाला होता. काचबिंदूत डोळ्याची नस हळूहळू मरते. बहुतेकदा आधी बाजूचं दिसणं जातं, मधलं शाबूत राहतं. दुखत नाही, अंधार होत नाही. त्यामुळं माणसाला कळतच नाही की काही जातंय.

“अण्णा,” मी म्हटलं, “स्क्रीन चांगली हाय. डोळे दाखवून घ्या.”

“माझ्या डोळ्याला काय धाड भरलीया? डाक्टरच्या तक्त्यावरची शेवटची वळ आजबी वाचतो मी.”

“तक्ता समोरचं बघतो, अण्णा. हे बाजूचं हाय.”

“तू स्क्रीन इकतीस का डोळं तपासतीस?”

 मी सविताला विचारलं, “तुझ्या छोटीला शाळेत कोण सोडतं?”

सविताचा चेहरा उतरला. “आप्पा. रोज. स्कूटरवरनं.”

 काकतीत हायवेच्या बाजूनं जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी ट्रॅक्टर, रिक्षा, कॉलेजची पोरं, सगळं डावीउजवीकडून घुसतं. अण्णा स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. मग हळू आवाजात म्हणाले, “एवढ्या वर्सात एक माणूस न्हाय मारला मी. एक कोंबडी बी न्हाय.”

“म्हणूनच सांगते.”

“न्हाय. माझी स्क्रीन बदलून दे.”

मी म्हटलं, “देते. डॉक्टरनं डोळे बरे हायत असं लिहून दिलं, तर एकोणपन्नास इंची स्वतः आणून लावते आणि ही परत नेते. पण तोवर स्कूटर नको.”

 “ठरलं,” अण्णा म्हणाले. मला खोटं पाडायलाच ते डॉक्टरकडं जाणार होते, हे मला दिसत होतं. चालेल, म्हटलं.  मी डॉक्टर नाही. चुकले असते तर गिऱ्हाईक गेलं असतं आणि गावभर नाव खराब झालं असतं.

पंधरा दिवस फोन नाही. सविताला करावा असं वाटायचं, धीर होत नव्हता.

एक दिवस दुपारी अण्णा दुकानात आले. एकटे. पाणी दिलं, ते त्यांनी सावकाश प्यायलं.

“बसनं आलो,” म्हणाले. “डायव्हरच्या मागच्या शिटवर बसलो. लई वर्सांनी बसमधी पाशिंजर झालो. त्येनं हत्तरगीकडनं येनाऱ्या ट्रकला वाट दिली, तर माझाच पाय खाली दाबला गेला.”

मग खिशातून कागद काढून काउंटरवर ठेवला. डोळ्याच्या नजरेचा नकाशा होता तो, दोन गोल. उजव्या गोलाच्या डाव्या बाजूला दाट करडी छाया होती. डाव्या गोलाचा बराच भाग काळा होता.

“काळंच हाय की,” अण्णा म्हणाले. “मला कसं दिसलं न्हाय?”

“ते कुणालाच दिसत न्हाय, अण्णा. डॉक्टर काय म्हणाले?”

“गेलं ते येत न्हाय म्हनाली डाक्टरीन. थेंब दिल्यात, रोज घालायचं. हाय तेवढं टिकवायचं. आनि शेवटी म्हनाली, गाडी होडीब्याड्री.”

गाडी चालवू नका. कानडीत सांगितलं म्हणून असेल, ते वाक्य त्यांनी तसंच्या तसं सांगितलं, मराठीत केलं नाही.

स्कूटरची चावी त्यांनी आमचं ठरलं त्याच दिवशी सविताला दिली होती. आता तीच मुलीला सोडते, मग घाईघाईनं येऊन शिफ्टला बसते. अण्णा घराच्या फाटकापर्यंत त्यांच्यासोबत जातात.

“मग स्क्रीन परत नेऊ का?” मी विचारलं.

“पोरीला लागती की.” कागदाची घडी घालत म्हणाले, “आनि मला ती एकच गाडी ऱ्हायलीया आता.”

पुढच्या रविवारी मी पुन्हा काकतीला गेले. उपाय साधा होता, पण आधी सुचला नव्हता. रुंद स्क्रीन पूर्ण वापरलीच पाहिजे असं कुठं आहे? गेम स्क्रीनच्या मधल्या भागात छोट्या खिडकीत लावला, दोन्ही बाजू काळ्या सोडल्या. सेटिंगमध्ये आरसे वेगळे दाखवायची सोय होती. ते कडेवरून काढून वर, मध्याजवळ आणले. स्टिअरिंगला वेगळं टेबल दिलं आणि खुर्ची हातभर मागं सरकवली. लांबून तेवढीच स्क्रीन नजरेच्या कमी जागेत मावते. मग पुन्हा बाणाची परीक्षा. यावेळी खिडकीच्या दोन्ही कडांना अण्णा म्हणाले, “दिसला.”

त्यांनी गाडी काढली. कठडे गेले, रिक्षा गेल्या, एक घाटासारखा चढ गेला. कुठंच घासली नाही.  एका स्टॉपवर त्यांनी बस अलगद लावली. दारं उघडली, माणसं चढली, दारं मिटली. बस हलेना. अण्णांचा हात गिअरवर तसाच.

“काय झालं, अण्णा? अडकलं का?”

“न्हाय,” ते म्हणाले. “डबल बेलची वाट बगतोय.”

कंडक्टरची दोनदा वाजणारी घंटा. ती गेममध्ये नव्हती. मी सेटिंगमध्ये शोधलीही, मिळाली नाही. थोड्या वेळानं त्यांनी स्वतःच गाडी काढली.

आता दिवसभर ती पूर्ण स्क्रीन सविता वापरते आणि सकाळी तिचा मधला तुकडा अण्णा. आमच्या धंद्यात इंच विकायची सवय लागते. गिऱ्हाईक म्हणतं दिसत नाही, आम्ही म्हणतो मोठी घ्या. मी आता ठरवलंय, मोठी स्क्रीन मागणाऱ्याला आधी खुर्चीत बसवायचं आणि बाण कडेनं आत आणायचा. मध्यंतरी एका वकिलांना बाण उशिरा दिसला, म्हणून डोळे तपासायला सांगितलं. त्यांच्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं, त्या दिवशी चष्मा तेवढा विसरले होते. अर्धा दिवस दवाखान्यात गेला म्हणून ते रागावले आणि स्क्रीन दुसऱ्या दुकानातून घेतली. असं होतं. बाण आणायचं मी सोडलेलं नाही.