घड्याळजींची टाच

आमचे भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, शिवणकाम शिकले ते मत्सरापोटी. हे मी चेष्टेनं म्हणत नाही, ते स्वतःच सांगतात. उमेदवारी करत असताना शेजारच्या मशीनवरचा कारागीर कोटाची कॉलर अशी बसवायचा, की भावजींना रात्री झोप लागायची नाही. शेवटी त्याच्या हातचा एक जुना कोट मिळवून त्यांनी टाका न् टाका उसवला आणि पुन्हा शिवला. पुढं भावजींच्या कॉलरसाठी लोक लांबून यायला लागले. समोरच्या टेलरकडे दोन माणसं जास्त दिसली, की ह्यांची मशीन दुप्पट वेगानं धावायची. "वहिनी, माझ्या पोटात दुखतं म्हणून तर आमची पोटं भरतात," असं म्हणतात.

मधुमेह मात्र त्यांनी कुणाचा बघून घेतला नाही. तो घरातच होता. पायांची संवेदना कधी गेली ते कळलंच नाही. उजव्या टाचेला काहीतरी लागलं, तेही कळलं नाही, आणि कळलं तेव्हा जखम हाडापर्यंत चिघळली होती. सर्जननी सडका भाग काढला आणि त्याच पायाच्या पोटरीचं कातडं, त्याच्या रक्तवाहिनीसकट, खाली वळवून टाचेवर बसवलं.

"म्हणजे ठिगळ," भावजी म्हणाले. "अंगचंच कापड वापरलं, हे बरं केलं."

"ठिगळच समजा," सर्जन म्हणाले. "पण हे जगावं लागतं. जगलं तर पाय राहील. मेलं तर पुढचं ऑपरेशन घोट्याच्या वर."

त्याच आठवड्यात, त्याच सर्जनकडे, तशाच टाचेचं तसंच ऑपरेशन आणखी एकाचं झालं होतं. ते घड्याळं दुरुस्त करायचे. वॉर्डात सगळे त्यांना घड्याळजी म्हणत. घरी सोडल्यावर दोघांना ड्रेसिंगसाठी एकाच दिवशी बोलवायचे आणि शेजारशेजारच्या बाकांवर बसवायचे. तिथंच भावजींचं दुखणं खरं सुरू झालं.

"बघितलीस त्याची टाच?" परतताना गाडीत ते धाकटीला, म्हणजे माझ्या जावेला, म्हणाले. "गुलाबी. कड कशी सपाट बसलीय, अस्तराला इस्त्री मारल्यासारखी. आणि माझ्या कडेला काळी किनार."

"अहो, डॉक्टर तेच, सुई तीच."

"डॉक्टर तेच म्हणूनच म्हणतोय. आवडतं गिऱ्हाईक असलं की मीही जरा जास्त जीव ओततो."

पुढच्या खेपेला त्यांना कारण सापडलं. घड्याळजींची मुलगी थर्मासमधून दाट जांभळा रस ओतून त्यांना देत होती. भावजींनी ड्रेसिंगच्या सिस्टरना गाठलं. सिस्टरना कुणाला उडवून लावायची सवय नव्हती. पट्टी गुंडाळता गुंडाळता त्या म्हणाल्या, "रक्तात साखर जास्त राहिली की शरीरात उपद्रवी कण वाढतात. नवीन पेशी धरायला जातात तोवर हे त्यांना पोळतात. डाळिंब, काळी द्राक्षं, हिरव्या पालेभाज्या, यांच्यात त्या कणांना आवरणारी द्रव्यं असतात. त्यांनाच अँटिऑक्सिडंट म्हणतात."

"म्हणजे त्यानंच भरतं."

"मदत होत असावी. पण प्रयोग जास्त करून उंदरांवर झालेत, असं डॉक्टर म्हणतात. आणि उंदरांना कुणी टाच उचलून बसायला सांगत नाही."

भावजींनी पहिलं वाक्य घरी आणलं, दुसरं तिथंच सोडलं. धाकटी रोज डाळिंबं सोलायला बसली. घड्याळजी एक पेला पितात तर आपण दोन, असा त्यांचा हिशेब. रस गोड लागावा म्हणून त्यात द्राक्षंही पिळली जायची. मी एकदा म्हटलं, "भावजी, फळाचा झाला तरी रस गोडच. चोथा टाकून नुसतं गोड पाणी पिताय."

"वहिनी, तुम्ही आता त्याची बाजू घेऊ नका."

साखर चढली. काळी किनार आत सरकली. सर्जननी वाकून बराच वेळ बघितलं. मग पहिल्यांदाच त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि ते बसून बोलले. "रस बंद. भाजी खा, फळ खायचं तर मोजकं आणि चावून. आणखी आठवडाभर बघू. किनार अशीच सरकत राहिली तर मला हे ठिगळ काढावं लागेल."

सर्जन बाहेर गेले. भावजी सिस्टरच्या झग्याच्या बाहीकडे टक लावून बसले होते. खांद्यावर चुकीची चूण पडली होती, आणि मनातल्या मनात ते ती उसवून नीट बसवत असणार.

"टेलरमास्तर," शेजारच्या बाकावरून घड्याळजी म्हणाले, "राग मानू नका. तुमच्या पायात काहीतरी वाजतंय."

"माझ्या पायात काय वाजणार? मी काय घड्याळ आहे?"

"बक्कल वाजतंय. अगदी लयीत. मागच्या वेळीही ऐकलं होतं."

धाकटीनं त्यांच्या पायावरची चादर उचलली. टाचेवर भार येऊ नये, घोटा हलू नये म्हणून पायाला मागून एक साचा बांधलेला होता. त्या साच्यात भावजींचा उजवा पाय वर-खाली, वर-खाली चालला होता. टाच, चवडा, टाच, चवडा. मशीनचा पायटा, म्हणजे पॅडल, मारावा तसा. ते मनात बाही शिवत होते आणि पाय ती शिवून देत होता. संवेदना नसल्यानं त्यांना पत्ताच नव्हता.

सिस्टरनी पट्टा ओढून पाहिला. "हा सैल कुणी केला?"

"काचत होता. म्हणजे, दिसत होता काचताना," भावजी म्हणाले. "उसवून दोन बोटं वाढवला. शिलाई बघा तरी, कुठं सुटायची नाही."

सिस्टरनी कपाळाला हात लावला. "टेलरमास्तर, प्रत्येक झोक्याला त्या रक्तवाहिनीला पीळ बसतोय. वरून कितीही डाळिंबं ओता, ती तिथवर पोचणार कशी?"

गाडीत भावजी धुमसत होते. "माझ्या पायावर कान लावून बसतो मेला."

"आणि तुम्ही?" धाकटी म्हणाली. "तुमच्या तोंडून ऐकून ऐकून त्यांच्या टाचेवरची रेघ न् रेघ मला पाठ झालीय. त्यांच्याकडून घ्यायचं ते घेतलंत का? तो माणूस बाकावर दगडासारखा बसतो. रस राहू द्या, ते घ्या."

मला वाटलं, आता भांडण पेटणार. पण भावजी साच्याच्या पट्ट्याकडे बघायला लागले. घड्याळजींचा सगळा जन्म बारीक चाकांवर श्वास रोखून बसण्यात गेलेला, तेव्हा ह्या बाबतीत ते पुढे असणारच. आणि कुणी पुढे आहे, हे भावजींना कधी सोसलंय?

"त्याला जमतं आणि मला नाही जमणार?" ते म्हणाले.

घरी येताच त्यांनी पट्टा उसवून पहिल्या मापावर शिवला. कात्री, टेप, कापडाचे नमुने, सगळं नजरेआड ठेवायला लावलं, कारण कापड दिसलं की पाय चालायचा. धाकटी त्यांच्या पायाशी बसून भाजी निवडायची, एक हात साच्यावर ठेवून. जरा थरथर जाणवली की म्हणायची, "निघालात का दुकानात?" मोजकं खाणं, गोळ्या, सुई, सगळं वेळेवर. ड्रेसिंगला गेले की बाकावर असे ताठ बसायचे, की सिस्टरनी विचारलं, "श्वास तरी घेताय ना?"

"आधी त्याला हलू दे," भावजी ओठ न हलवता म्हणाले.

काळी किनार थांबली. सर्जननी ती कापून काढली, तर खाली लाल, ओलसर, जिवंत मांस होतं. घड्याळजींची टाच भरून ते कामाला लागले, त्यानंतर पुष्कळ दिवसांनी ह्यांची भरली; पण भरली. पाय राहिला. पायटा मात्र कायमचा बंद.

आता भावजी कापड बेततात, काज करतात, आणि मशीन धाकटी चालवते. तिची शिलाई सरळ येते. भावजी तिच्या मागे उभे राहतात, काहीतरी खोट सापडेल म्हणून बघतात, आणि सापडत नाही. परवा एक गिऱ्हाईक नवा कोट घालून आरशात वळून वळून बघत होतं. "वा, कॉलर काय बसलीय. कुणी शिवला?"

धाकटी खाली मान घालून दोरा ओवत होती.

"दुकानात शिवलाय," भावजी म्हणाले, आणि बिल करायला वळले.