पुलापर्यंत उत्तर देत गेलेलं कार्ड

सुधाकरनं मला फसवलं. घुग्घुसचा सुधाकर, भंगारात निघालेले कॉम्प्युटर विकणारा. त्यानं बिघडलेलं नेटवर्क कार्ड बसवलेला कॉम्प्युटरचा डबा ‘एकदम कंडिशन’ म्हणून माझ्या गळ्यात मारला. खालचं सगळं वाचताना एवढं ध्यानात ठेवा, कारण शेवटी तुमच्यातलेच चार जण मला विचारतील की भाऊ, यात सुधाकरचा काय दोष?

भुताखेतांचं म्हणाल तर या सदरातले अनुभव मी आजवर हसायला वाचत आलो. आमच्या रोडवर एका वळणावर पांढऱ्या साडीतली बाई उभी असते म्हणतात. मी त्या वळणावरून हजार वेळा गेलोय. मला तिथं फक्त लाइट नसलेले ट्रॅक्टर दिसले. माझा विश्वास दोनच गोष्टींवर — डोळ्यांना दिसतं ते आणि कागदावर लिहून घेतलेलं ते. तरीही हे लिहितोय...

कुरखेड्यात मेन रोडवर माझं ऑनलाइन सेंटर आहे. सुरुवात मिक्सर आणि टेबलफॅन दुरुस्तीपासून केली. कुणी शिकवलं नाही, कुणी हात दिला नाही. कॉम्प्युटरवर मी पहिल्यापासून विंडोजऐवजी लिनक्स चालवतो. फुकट आहे, व्हायरस लागत नाही, आणि काही अडलं तर आमच्या भागातल्या लिनक्सवाल्यांचा एक फोनवरचा ग्रुप आहे, तिथं विचारता येतं. ग्रुप चालवतात चिमूरचे एक रिटायर गुरुजी. त्यांचा एकच नियम, सगळ्यांना पाठ आहे: “गोष्ट नको, आउटपुट टाका.” म्हणजे ‘नेट काल चांगलं होतं, आज काय झालं कळत नाही’ असलं रडगाणं नाही. कमांड मारा, स्क्रीनवर जे आलं ते जसंच्या तसं चिकटवा.

गेल्या हंगामात चिचटोल्याच्या धान खरेदी सोसायटीला मी नेट दिलं. गाव जंगलाच्या पलीकडे, तिथं मोबाइलची रेंज जेमतेम बोलण्यापुरती. माझ्या दुकानाच्या छतावर एक डिश, तिच्या रोखानं त्यांच्या गोदामाच्या खांबावर दुसरी, मधला सिग्नल हवेतून. मध्ये दुकानातला तो सुधाकरचा डबा — गावाचं सगळं नेट त्याच्यातून जाणार. सोसायटीत नोंदणीचं काम सुनंदाबाई बघतात. गावात बैठक झाली तेव्हा मी टेबलावर हात आपटून सांगितलं होतं, “नेट बंद पडलं तर तुमचे कागद मी डोक्यावर वाहून नेईन.” सुनंदाबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, “भाऊ, डोकं सांभाळून ठेवा मंग.”

डबा आणल्यावर दोनच दिवसांत कार्ड रुसायला लागलं. सुधाकरला फोन केला तर म्हणतो, “मी देल्लं तवा चांगलं होतं. तू काय केलं तुले माहीत.” मी कार्ड काढलं, माझ्याकडचं दुसरं बसवलं आणि बिघडलेलं ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवलं. माझी पद्धत अशी आहे की भांडण मिटेपर्यंत खराब माल हातातून सोडायचा नाही. माल सोडला की पुरावा गेला. सुधाकरनं दोनदा ते परत मागितलं, मी दिलं नाही. ‘आधी चूक कबूल कर’ म्हटलं. तो कबूल करेना, मी देईना. चार महिने असेच गेले.

आता नोंदणी बंद व्हायला दोन दिवस राहिले होते. ऑनलाइन नोंदणी झाली नाही तर सोसायटी धान घेत नाही, मग ते व्यापारी म्हणेल त्या भावाला घालावं लागतं. सकाळी सुनंदाबाईंचा फोन आला.

“भाऊ, नेट येते आन् जाते. अर्धा फॉर्म भरला का गेलं.”

“खांबावरची वायर हालली असेल.”

“वायर म्या पाह्यली. तुमच्या इथीच काही आहे.”

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत जेमतेम पाच नावं गेली. मी डबा तपासला, डिश तपासली, वायरी बदलल्या. शेवटी ग्रुपवर आउटपुट टाकलं. गुरुजींनी दहा मिनिटांत उत्तर दिलं, “एकाच पत्त्यावर दोघं राहतात. दुसरा कोण आहे ते शोधा.”

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येक मशीनला नेटवर्कात एक पत्ता देतात. तो गाडीच्या नंबरप्लेटसारखा, बदलता येतो. कार्डाला मात्र कंपनीतूनच आणखी एक नंबर येतो, तो चेसिस नंबरसारखा. एक कमांड अशी आहे की ती नेटवर्कात हाक मारते, ‘या पत्त्यावर कोण आहे?’ जो असेल तो आपला चेसिस नंबर सांगतो, आणि उत्तर यायला किती वेळ लागला तेही दिसतं. ही हाक फक्त आपल्याच वायरींवर फिरते. दुकान, डिश आणि गावातलं गोदाम, बस. त्याच्या बाहेर ती जातच नाही.

मी डब्याच्या पत्त्यावर हाक मारली. दोन उत्तरं आली. एक माझ्या नव्या कार्डाचं. दुसऱ्याचा नंबर ओळखीचा वाटला, म्हणून मी ड्रॉवरचं कुलूप उघडलं.

कार्ड जागेवर होतं. त्याच्या स्टिकरवर तो चेसिस नंबर होता, आकडे धरून बारा अक्षरं, स्क्रीनवरही तीच बारा अक्षरं. स्टिकर हातात धरून मी चार वेळा वाचलं. कार्डाला वायर नाही, वीज नाही. आणि स्क्रीनवर ओळीमागून ओळ येत होती — मी आहे, मी आहे, मी आहे.

माझ्या डोक्यात पहिलं नाव सुधाकरचं आलं. चेसिस नंबरही खोटा ठोकता येतो, घुग्घुसमध्ये हे कुणाला सांगावं लागत नाही. कार्डाचा नंबर त्याच्याकडे असणारच. कुठंतरी माझ्या लाइनवर वीजचोरासारखा आकडा टाकून हा माणूस माझी जिरवतोय! मी फोन केला आणि जे तोंडाला येईल ते बोललो.

“मी कायले तुझ्या लाइनीत घुसू?” सुधाकर म्हणाला. “मले इथी धंदा नाई काय?”

“उद्या सकाळी इथं ये. नाहीतर तुझं नाव, गाव, दुकान सगळं ग्रुपवर टाकतो.”

तो आला. एवढ्या लांबून मोटारसायकलवर, पहाटे निघून दहाच्या आत दुकानात. खरं सांगतो, मला त्याचाही संशय आला. दोषी नसलेला माणूस इतक्या लांब येतो कशाला?

मी त्याला कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. स्टुलावर बसवलं, मोबाइल बंद करून माझ्यासमोर ठेवायला लावला. त्याच्यादेखत छतावरच्या डिशची वायर काढली, म्हणजे गाव तुटलं. मग डबा बंद केला. शेल्फवरचा वायरी जोडायचा पॅकबंद स्विच फोडला आणि त्याला फक्त माझा लॅपटॉप जोडला. आता माझ्या लॅपटॉपशिवाय त्या वायरीवर कुणीच नव्हतं. हाक मारली.

एकच उत्तर आलं. ड्रॉवरमधल्या कार्डाचं.

मी ग्रुपवर टाकलं. कुणी लिहिलं, लॅपटॉप खोटं बोलतोय. शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा लॅपटॉप आणला, त्यावरही तेच.

सुधाकर स्टुलावरून उठला. “दाखव बरं ते कार्ड.”

“हात लावू नको.”

“अबे, पाहून राह्यलो फक्त.”

“मी धरतो, तू पाहा.”

कार्ड हातात घेऊन मी दाराशी उजेडात गेलो. मागून सुधाकर म्हणाला, “भाऊ... आकडा वाढला.” ड्रॉवरमध्ये उत्तराला अर्धा मिलिसेकंद लागत होता, आता एक लागत होता. मी आत आलो, अर्धा. बाहेर पानठेल्यापर्यंत गेलो, सुधाकर दारातून ओरडला, “दीड!”

चार महिन्यांत पहिल्यांदा आम्ही भांडत नव्हतो.

तेवढ्यात सुनंदाबाईंचा फोन. डिश काढल्यापासून नेट पूर्णच गेलं होतं.

“भाऊ, आज शेवटचा दिवस आहे. माणसं सकाळपासून सातबारा धरून बसली. डोक्यावर वाहून नेता का म्हणतात, पोतं तयार आहे.”

मागून कुणीतरी हसलं.

मी डिश आणि डबा परत जोडला आणि गुरुजींना थेट फोन लावला. त्यांनी ‘कार्ड ड्रॉवरमध्ये आहे’ या वाक्यावर काही बोलणं टाळलं. एवढंच म्हणाले, “बघा, गावातलं मशीन जो आधी उत्तर देईल त्याच्यावर विश्वास ठेवतंय. दुसऱ्याचं उत्तर तुमच्यापेक्षा बऱ्यापैकी उशिरा यायला लागलं तर तुमचं नेट उभं राहील.”

म्हणजे ते कार्ड लांब न्यायला हवं. मी दुकान सोडू शकत नव्हतो. लांब जाणारा माणूस एकच होता, आणि त्याला नेमकं तेच कार्ड चार महिने हवं होतं. कळलं ना, माझी काय अवस्था झाली असेल ती? सगळा बनाव यासाठीच असला तर? पण बनाव करणारा माणूस माझ्यासमोर मोबाइल बंद करून बसला होता, आणि तिकडे गोदामात लोक बसले होते.

“लिहून दे,” मी म्हणालो. “खराब कार्ड परत मिळालं असं.”

“खराब नाई लिहीन.”

“मग कार्ड नाही.”

“ठेव मंग पोराबाळासारखं जपून. मी चाललो.”

शेवटी त्यानं बिलाच्या मागं लिहिलं, ‘कार्ड मिळालं’, खाली ती बारा अक्षरं आणि सही. ‘खराब’ शब्द मी सोडला. धंद्यात मी असा शब्द कधी सोडला नाही. त्यानं कार्ड शर्टाच्या खिशात टाकलं आणि गाडीला किक मारली.

मी हाक चालू ठेवली. आकडा चढत गेला. तीन... सात... बारा. वीस झाल्यावर सुनंदाबाईंचा फोन आला, “आता टिकून राह्यलं, भाऊ. एक फॉर्म गेला.” मी जेवण सोडून स्क्रीनसमोर बसलो. एकतीसवर आकडा अडला. पाच मिनिटं, सात मिनिटं, एकतीसच. मला राहवेना. सुधाकरला फोन लावला.

“थांबलास का?”

“हो, वडशाच्या पंपावर. चहा घेऊन राह्यलो...” तो मध्येच थबकला. “तुले कसं माहीत?”

“ते कार्ड अजून उत्तर देतंय. तू चालला की आकडा चालतो, तू थांबला की थांबतो.”

मग त्यानं फोन ठेवला.

आकडा पुन्हा चढायला लागला, आधीपेक्षा भराभर. वडशाच्या पुढे वैनगंगेचा पूल आहे. सत्तावन्नवर शेवटचं उत्तर आलं. त्यानंतर माझ्या हाकेला एकच उत्तर येत राहिलं, माझ्या नव्या कार्डाचं, आणि लिंक अशी उभी राहिली की आजवर हलली नाही. संध्याकाळी सुनंदाबाईंनी राहिलेल्या सगळ्यांची नावं घातली. फोनवर म्हणाल्या, “डोकं वाचलं तुमचं.”

सुधाकरला मी दुसऱ्या दिवशी विचारलं, कार्ड कुठाय?

“टाकलं.”

“कुठं?”

“पुलावरून.”

“का?”

“मले इचारू नको, भाऊ.”

त्यानंतर तो माझा फोन उचलत नाही. घुग्घुसला मी स्वतः जाऊन आलो. मला पाहून तो मागच्या दारानं निघून गेला. त्याच्या दुकानात वाकलेले खिळेसुद्धा डब्यात भरून ठेवलेले आहेत. काचेची फुटकी बाटली न फेकणारा माणूस, चार महिने ज्या कार्डासाठी भांडला ते नदीत टाकतो?

ग्रुपवर सगळी आउटपुटं अजून आहेत, आकडे चढताना, अडताना, बंद पडताना. शहरातल्या दोघांनी वाचून ‘नंबर खोटा ठोकला असणार’ म्हटलं. ठीक, पण ठोकला कुठून? नव्या स्विचला फक्त माझी वायर होती. आणि वडशाच्या चहापाशी आकडा कसा थांबला? गुरुजींनी मला वेगळा मेसेज केला, “याला आता आउटपुट पुरायचं नाही. गोष्ट टाका, पण इथं नको.” म्हणून ती इथं टाकतोय. मला आजही यातलं काहीच उलगडलेलं नाही. रोज दुकान उघडल्यावर मी एकदा हाक मारतो. एकच उत्तर येतं.

सुधाकर, तू हे सदर वाचतोस हे मला माहीत आहे. आपल्या ओळखीतून कुणीतरी तुला नक्की पाठवेल. खराब कार्ड विकलंस, ते मी आता सोडलं. हे लिहून देतोय, कात्रण कापून ठेव. पण पंपावर मी फोन केल्यापासून पुलापर्यंत ते तुझ्या खिशात होतं. तुझ्या सहीचा कागद माझ्याकडे आहे, बारा अक्षरं तुझ्याच हातची आहेत. त्या पुलावर तू गाडी का थांबवलीस, त्या खिशात काय झालं, याचं उत्तर तुलाच द्यावं लागेल. मी वाट बघतोय.