दातांत धरलेला दोरा

वाकोल्यातल्या निम्म्या बायकांच्या चेहऱ्यावर जो काही भाव असतो, तो आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या पार्लरवालीने कोरलेला असतो, असं माझं ठाम मत आहे. राग, नवल, शेजारणीला हिणवणं, नवऱ्याच्या बोलण्यावर विश्वास नसल्याचं न बोलता सांगणं, ही सगळी कामं बाई भुवईने करते, आणि आमच्या भागातल्या भुवया गेली वीस वर्षं हिच्या हातात आहेत. हातात कसल्या, दातांत. दोऱ्याचं एक टोक दातांत घट्ट धरायचं, उरलेल्या दोऱ्याला पीळ देऊन त्याची दोन्ही हातांत कात्री करायची आणि मान पुढेमागे करत कपाळावर ती सरसर चालवायची, ही तिची पद्धत. दातांत दोरा असताना माणसं गप्प बसतात. ही बसत नाही. ओठ न मिटता, जीभ न हलवता ती जे बोलते ते नव्या गिऱ्हाइकाला एक अक्षर कळत नाही. आम्हा जुन्यांना मात्र शब्द न् शब्द समजतो. त्यात भर म्हणजे फोन आला की तो कान आणि खांदा यांच्यामध्ये चेपायचा. दोरा चालू, फोन चालू, आणि मधूनच पार्लरमागच्या तिच्या राहत्या खोलीतल्या कुकरच्या शिट्ट्या मोजणंही चालू.

नावं तिच्या लक्षात राहत नाहीत. तिच्या लेखी बायका म्हणजे ‘कमानवाली’, ‘जोडभुवई’, ‘शेपूट तुटकी’. बँकेतल्या एका मोठ्या साहेबीणबाईंना तिने माझ्यादेखत “काय गो झुरळमिशी, लय दिवसांनी?” असं प्रेमाने विचारलं होतं, आणि त्या बाई चक्क हसल्या होत्या. भुवईवरून स्वभाव ओळखण्याचा तिला भारी नाद. माझ्याबद्दल तिने पहिल्याच दिवशी निकाल दिला. “तुझी उजवी भुवई साधी आहे. डावी खोटारडी.” मी शाळेच्या ऑफिसात कारकुनी करते, दिवसातून दहा पालकांना ‘मुख्याध्यापक जागेवर नाहीत’ म्हणून सांगते, तेव्हा डाव्या भुवईबद्दल मी वाद घातला नाही.

अशा या बाईची मान गेली. आधी नुसती आखडायची, मग दुखणं खांद्यात उतरलं, मग उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. तिने उशी सोडली, गावाहून कसलं तरी काळं तेल मागवलं, त्या वासाने दोन गिऱ्हाइकं जिन्यातूनच परत गेली. मग गळ्याला पट्टा आला. तो पट्टा तिने दुसऱ्याच दिवशी ब्लाउजच्या उरलेल्या कापडात शिवून घेतला, कडेला बारीक लेस लावली, आणि पुढच्या आठवड्यात तिच्याकडे तीन रंगांच्या तीन खोळी होत्या. “गळ्यात घालायचंच आहे ना, मग बरं तरी दिसू दे.” पण पट्टा लावून मान वाकत नाही, आणि मान वाकल्याशिवाय दोरा चालत नाही. मग गिऱ्हाईक आलं की पट्टा काढायचा, गेलं की घालायचा. म्हणजे दिवसभर तो खुंटीवरच.

शेवटी मी तिला धरून सांताक्रूझला मानेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई शांत, तरुण, चष्मा लावणाऱ्या. त्यांनी विचारलं, “नेमकी कुठल्या हालचालीने कळ येते?” आता हे तोंडाने सांगता आलं असतं. हिने पर्समधून रीळ काढलं, दोरा दातांत धरला, आणि डॉक्टरीणबाई नको नको म्हणेपर्यंत त्यांच्या वरच्या ओठावर दोन फेऱ्या मारल्यासुद्धा. “आता, आता येते बघा कळ!” कळ दोघींनाही आली होती. डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसले, मानेकडे नीट पाहिलं, आणि म्हणाल्या, “समजलं. आता दुसरी बाजूपण करून टाका, अर्धवट बरं दिसत नाही.” बाहेर पेशंट खोळंबले होते.

एमआरआयच्या फोटोत दिसलं की मणक्यातली गादी सरकून नस दाबते आहे. बाईंनी सांगितलं, मानेत स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊ, सूज उतरेल, काही महिने आराम पडेल. ‘स्टिरॉइड’ हा शब्द ऐकला आणि हिचा चेहरा उतरला. ती घाबरली की तिची मुंबई गळून पडते आणि कणकवली वर येते. रिक्षात बसल्यावर माझा दंड पकडून म्हणाली, “माका नको ता इंजेक्शन. त्याने केस येतत अंगार. कमानवालीच्या नणंदेक इले होते. माका मिशी इली तर गो? माझ्या पार्लरात कोण येतला?”

मी हसले, आणि लगेच मला माझी लाज वाटली. कारण तिच्या बाजूने विचार केला तर भीती खरीच होती. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, सासरच्यांनी गावचं घर कधीच बळकावलेलं. तिच्याजवळ होतं ते एक पार्लर, आणि ते चालायचं तिच्या मानेवर आणि तिच्या गुळगुळीत चेहऱ्यावर. इंजेक्शन घेतलं नाही तर मान जाणार, घेतलं तर चेहरा जाणार, असा तिचा हिशेब होता. नणंदेच्या गोळ्या वेगळ्या, वर्षभर घेतलेल्या, हे मी सांगितलं, डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं. तिने आठ महिने ऐकलं नाही. मग एके दिवशी तिच्या बोटांतून दोरा आपोआप निसटला आणि तिला कळलंसुद्धा नाही. त्या संध्याकाळी ती वर माझ्या दारात आली. “चल. मिशी तर मिशी.”

इंजेक्शनच्या दिवशी कागदावर सोबत आलेल्याची सही लागते. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “पेशंट तुमच्या कोण?” मी काही बोलायच्या आत ही म्हणाली, “गिऱ्हाईक आहे माझं.” मुलगी म्हणाली, “तसं नाही चालत मॅडम, नातं लागतं.” मग मी ‘बहीण’ लिहिलं. हिने वाकून ते वाचलं, मान दुखत असतानाही, आणि मग पुन्हा एकदा वाचलं.

आत काय झालं ते तिने नंतर सगळ्या वाकोल्याला सांगितलं. पालथं झोपवलं, मान बधिर केली, मशीनवर बघत बघत सुई सोडली. आणि ही पालथ्या तोंडाने नर्सला सांगत होती की तुझ्या भुवया कुणीतरी फार पातळ केल्यात, तीन महिने हात लावू देऊ नकोस. दुसऱ्या दिवशी तिचे गाल लालबुंद झाले. इंजेक्शनने होतं तसं, दोन दिवसांत उतरतं, असं सांगितलेलं होतं. पण त्या दोन दिवसांत चौघीजणींनी “ताई, कुठलं फेशियल गं?” म्हणून विचारलं, आणि हिने न लाजता “नवीन आलंय, डॉक्टरी आहे” असं सांगून टाकलं. मिशीची धास्ती मात्र सुटली नव्हती. पंधरा दिवस रोज सकाळी ती माझ्या ट्यूबलाइटखाली ओठ वर करून उभी राहायची. “बघ गो नीट. काय दिसतंय?” काही दिसत नव्हतं. 

मान मात्र सुटली. झकास सुटली. पुढे लग्नसराई होती. डॉक्टरीणबाईंनी जपून म्हणून बजावलं होतं, आणि हिने दिवसाला तीस तीस चेहरे केले. जणू ते इंजेक्शन मानेसाठी नाही, गिऱ्हाइकांसाठीच घेतलं होतं. मी रागावले की म्हणायची, “अगं, आराम पडलाय तोवर करून घेते ना.” होळीनंतर मुंग्या परत आल्या. दुसरं इंजेक्शन झालं. ते सहा आठवडे पुरलं. तिसऱ्याला डॉक्टरीणबाई नाही म्हणाल्या. “इंजेक्शन देत राहून उपयोग नाही. हात वाचवायचा असेल तर दोरा सोडा.” ही म्हणाली, “मग काय करू, पापड लाटू? त्यालापण मान वाकते.” डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी उठून हिच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा आम्हाला दोघींनाही कळलं की आता यात काही घासाघीस नाही.

त्या आठवड्यात मी नेहमीसारखी तिच्या खुर्चीत जाऊन बसले. काही बोलायचं नाही असं ठरवूनच गेले होते. तिने उजवी भुवई केली, चोख, एका दमात. डावीला हात घातला आणि थांबली. दोरा दातांतून काढला, बोटं झटकली, पुन्हा धरला, पुन्हा थांबली. मग रीळ खणात टाकलं आणि म्हणाली, “डावी उद्या.”

तो उद्या आलाच नाही. दुसऱ्या दिवशी पार्लरचं दार आतून बंद होतं, ती आत होती आणि उघडत नव्हती. मी तशीच ऑफिसला जात राहिले, एक भुवई कोरलेली, एक झुडपासारखी. पालक माझ्याकडे टक लावून बघायचे. शिपाई म्हणाला, “मॅडम, एवढं काय, स्टेशनजवळ पाच मिनिटांत करतात.” मला ते माहीत होतं. पण स्टेशनजवळ जाऊन बसणं म्हणजे तिचं दुकान बंद झालं हे मी मान्य करण्यासारखं होतं, आणि ते माझ्याने होईना.

एकोणिसाव्या दिवशी, रविवारी दुपारी, ती वर आली. गळ्याला पट्टा, निळी खोळ. हातात चिमटा. माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाली, “अशी फिरतेस तू? माझी वाट लावलीस गं सगळ्या गावात.” मग स्वयंपाकघरात गेली, ओट्यावरचा मिक्सर बाजूला केला, डबे सरकवले. “चढ वर. मला मान वाकवायची नाही, तर तू उंचावर नीज.”

मी माझ्याच ओट्यावर, गॅस आणि बेसिनच्या मध्ये, पाय दुमडून आडवी झाले. तिने एकेक केस चिमट्याने काढला. दोन केस काढायचे, हात खाली सोडायचा, बोटं उघडमीट करायची, पुन्हा दोन. पाच मिनिटांचं काम तासभर चाललं. तोंडात दोरा नव्हता, तरी ती एक शब्द बोलली नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते भुवया करताना येतंच. तिच्याही डोळ्यांत होतं, आणि तिच्या भुवया तर कुणी करत नव्हतं.

“झाली,” ती म्हणाली, आणि पदराने माझं कपाळ पुसून तिने आरसा पुढे केला. “बघ. सारखी नाही झाली.”

मी आरसा पालथा घातला. म्हटलं, “तू केलीस ना, मग मी कशाला बघू?”