शनीची हिरवी बांगडी

माझी आत्या कौसल्या गजभिये बहात्तर साली कामठीच्या एका शाळेत विज्ञानाची शिक्षिका म्हणून लागली. दोन वर्षं प्रोबेशन. तपासणीचा शेरा चांगला आला तर कायम, नाहीतर घरी. आमच्या घरात बांधलेला पगार तिचाच, त्यामुळे त्या शेऱ्यावर अख्ख्या घराची चूल अवलंबून होती.

आमच्या इंदोरा वस्तीच्या थांब्यावरून ती सकाळची कामठी बस पकडायची. बसच्या मागच्या बाकांवर मास्तरांचा दरबार भरायचा. वेगवेगळ्या शाळांचे, पण एकाच वाटेचे. कुणाचं त्रैराशिक अडलं की दुसरा तिथेच समजावायचा. कुणाला हेडमास्तरने छळलं, तर सगळे मिळून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. याला ते ‘मंडळ’ म्हणत. भूगोलाचे मारोतराव त्याचे म्होरके, पांढरंशुभ्र धोतर आणि मधाळ जीभ.

मंडळाची खरी कमाल तपासणीच्या दिवसांत दिसायची. साहेब आज या शाळेत, तर पुढच्या आठवड्यात त्या शाळेत. त्यांच्या पुढे पुढे मंडळाचा एक पेटारा धावायचा. आत नकाशे, तक्ते, मातीची फळं. ज्याची तपासणी, त्याने पेटारा न्यायचा आणि काम झालं की बसमध्ये पुढची पाळी ज्याची, त्याच्या मांडीवर ठेवायचा.

आत्याने या पेटाऱ्यात सूर्यमाला घातली. बांबूच्या कामट्या, कागदाच्या लगद्याचे ग्रह, आणि शनीभोवती कडं म्हणून माझ्या आजीची हिरवी लाखेची बांगडी. हँडल फिरवलं की सगळं गरगर फिरायचं.

“शनी काहून ठेवला वं पेटाऱ्यात?” शोभाताई दचकल्या. त्या मारोतरावांच्याच शाळेत होत्या.

आत्या हसली. छप्पन साली वडिलांच्या खांद्यावर बसून ती धम्मदीक्षेला गेली होती, आणि आमच्या घरातली साडेसाती तेव्हाच बाहेर पडली, असं तिला वाटायचं. भोळी होती, दुसरं काय!

प्रत्येक वस्तूवर करणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी लावावी, असं कुणीतरी सुचवलं. आत्याच म्हणाली, “नाव कायले पायजे? मंडळाचं हाये, सगळ्यायचं हाये.” तोच नियम ठरला. सगळ्यांनी तिचं तोंडभर कौतुक केलं. जेवणाचे डबे मात्र बसमध्ये एकमेकांत फिरत आणि तिचा डबा तिच्या पिशवीतच राहायचा. सूर्यमाला चालली, भाजी चालली नाही. हे तिला दिसलं नाही, की तिने बघितलं नाही, कोण जाणे.

त्या वर्षी मारोतरावांची तपासणी आधी झाली. साहेब सूर्यमालेवर खूश. कुणी बनवली म्हणून विचारलं.

“मीच, साहेब,” मारोतराव म्हणाले.

साहेबांनी आदर्श शिक्षकाच्या पुरस्कारासाठी त्यांची शिफारस केली. आत्याला यातलं काहीच कुणी सांगितलं नाही. पेटारा तेवढा इमानदारीने तिच्या मांडीवर आला.

तिच्या वर्गात साहेबांनी हँडल फिरवलं, हिरवी बांगडी बघितली आणि थांबले.

“हे तर मारोतरावांचं.”

“नाही साहेब, मी बनवलं हाये.”

साहेब हसले. पिकल्या केसांचा मास्तर खोटा, आणि ही कालची पोर खरी? त्यांनी शेरा मारला: दुसऱ्याचं साधन स्वतःचं म्हणून दाखवतात.

दुसऱ्या सकाळी आत्या बसमध्ये मारोतरावांसमोर उभी राहिली. “गुरुजी, साहेबाले एक वेळ खरं सांगा. मले काढून टाकतीन.”

“आता कसं सांगू बाई? शिफारस वर गेली. माह्या इज्जतीचा सवाल हाये.”

“तुले दुसरी नोकरी भेटन वं,” शोभाताई म्हणाल्या. “गुरुजीले या वयात कोण इचारन? पण घाबरू नको, मंडळ तुह्या पाठीशी हाये.”

सगळ्यांनी माना हलवल्या. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी तिच्यापुढे आपला डबा धरला. मला आजही त्या डब्याचा राग येतो.

आत्याला कायम केलं नाही. ती घरी शिकवण्या घेऊ लागली आणि आम्ही संध्याकाळचं जेवण आवरतं घेतलं. मारोतरावांना पुरस्कार मिळाला, नारळ मिळाला, शाल मिळाली.

पुढच्या वर्षी शोभाताई घरी आल्या. साहेब पुन्हा येणार होते आणि पेटाऱ्यातली सूर्यमाला उंदरांनी कुरतडली होती.

“तुह्यासारखी कोणाले जमत नाही वं. एक करून दे. आमच्या शाळेत जागा निघून राहिली, मी तुह्यासाठी शब्द टाकतो.”

आजी आतून म्हणाली, “हाकलून दे तिले.” पण आत्याने बसायला पाट दिला. जागा म्हटल्यावर तिला आशा लागली होती.

“यावेळी खाली नाव टाकू काय, ताई?”

“नाव नको टाकू. नियम तूनंच तर केला होता.”

आत्याने सूर्यमाला करून दिली. आजीच्या हातात उरलेली लाल बांगडी शनीला गेली.

ती जागा मारोतरावांच्या सुनेला मिळाली. तपासणीच्या दिवशी तिने हँडल फिरवलं. साहेबांनी विचारलं, कुणी बनवली?

“मीच, साहेब,” ती म्हणाली.